एसटीने जुन्नरच्या डोंगरवाटा: आखणी परतीच्या गाडीपासून

स्वतःची गाडी घेऊन डोंगरावर जाणाऱ्याला एक बंधन कायम असते: गाडी जिथे उभी केली तिथेच परत यावे लागते. एसटीने जाणाऱ्याला ते नसते. एका गावातून चढावे, घाटाच्या दुसऱ्या अंगाला, प्रसंगी दुसऱ्या जिल्ह्यात उतरावे आणि तिथून मिळेल ती गाडी धरावी, ही मोकळीक त्याला मिळते. सह्याद्रीतील घाटवाटा घडल्या त्याच मुळी देश आणि कोकण यांच्यामध्ये माल व माणसे ये-जा करावीत म्हणून, त्यामुळे त्या पायाखालून घालण्याची खरी रीतही एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाण्याचीच आहे. मात्र या मोकळिकीची किंमत वेळापत्रकात मोजावी लागते. डोंगराच्या कुशीतल्या गावाला दिवसाकाठी मोजक्याच फेऱ्या असतात, आणि त्या शाळा-कॉलेजची मुले, बाजारहाट आणि तालुक्याची कामे यांच्या सोयीने आखलेल्या असतात. भटक्यांच्या सोयीने नव्हे.

म्हणून एसटीने ट्रेक करणाऱ्याने एक नियम पक्का करावा. ज्या टोकाला मोजक्या गाड्या आहेत तिथून चालायला सुरुवात करावी आणि ज्या टोकाला हमरस्ता आहे तिथे शेवट करावा. सकाळची एकुलती एक गाडी गाठणे आपल्या हातात असते, कारण त्यासाठी आदल्या रात्री जवळच्या गावी मुक्काम करता येतो. संध्याकाळी डोंगरावरून किती वाजता खाली पोहोचू, हे मात्र कोणालाच नेमके सांगता येत नाही. कोणाचा गुडघा धरतो, कुठे वाट चुकते, कुठे धबधब्याशी अर्धा तास जातो. अशा वेळी खाली तासा-दोन तासांनी गाडी येणारा रस्ता असला तर उशीर हा फक्त उशीर राहतो. तिथे साडेचारची शेवटची गाडी असली तर मात्र मुक्काम अटळ होतो. पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्याचा पश्चिम भाग हा नियम शिकण्यासाठी उत्तम आहे, कारण इथे एका बाजूला घाटघरसारखे रस्त्याच्या टोकाचे गाव आहे आणि कड्याखाली ठाणे जिल्ह्यात कल्याणहून मुरबाड, माळशेजमार्गे अहिल्यानगरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६१ आहे. या दोहोंना नाणेघाटाची जुनी वाट जोडते.

जुन्नर गाठताना

पुण्याहून शिवाजीनगर, म्हणजे सध्या वाकडेवाडीला असलेल्या स्थानकातून जुन्नरच्या गाड्या सुटतात. अंतर साधारण ९५ किलोमीटर आहे आणि साध्या गाडीने तीन तास धरून चालावे. चाकणची वाहतूक कोंडी लागली तर त्याहून अधिक. थेट गाडी नसेल तर नाशिककडे जाणारी गाडी धरून नारायणगावला उतरावे आणि तिथून पंधरा-सोळा किलोमीटरवरच्या जुन्नरला जावे, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो बरोबर आहे, पण महामार्गाला आता बाह्यवळण झाले आहे आणि लांब पल्ल्याच्या काही गाड्या नारायणगावात न शिरता बाहेरूनच निघून जातात. त्यामुळे पाय ठेवण्यापूर्वी वाहकाला ‘स्थानकात जाणार का?’ एवढे विचारावे, नाहीतर पाठीवरच्या सॅकसकट महामार्गाच्या कडेला उतरून गावापर्यंत चालत यावे लागते.

मुंबई-ठाण्याकडच्यांसाठी कल्याण हे सोयीचे ठिकाण आहे. लोकलने कल्याणला यावे आणि एसटी स्थानकातून माळशेजमार्गे ओतूर, आळेफाटा, जुन्नर किंवा अहिल्यानगरकडे जाणारी गाडी पकडावी. हा प्रवास मुरबाड, टोकावडे आणि वैशाखरे या गावांवरून होतो. उद्या आपण नाणेघाट उतरून वैशाखऱ्यालाच येणार आहोत, तेव्हा हे गाव जाताना खिडकीतून नीट पाहून ठेवावे. उजव्या हाताला कड्याच्या रांगेत एक खाच आणि तिच्या शेजारी वर आलेला उंच सुळका दिसतो. तो नानाचा अंगठा आणि ती खाच म्हणजे नाणेघाट. दुसऱ्या दिवशी वरून खाली उतरताना ही ओळख उपयोगी पडते.

तिकिटाच्या बाबतीत एवढे लक्षात ठेवावे की १७ मार्च २०२३ पासून एसटीच्या सर्व गाड्यांत महिलांना निम्मे भाडे लागते, ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास विनामूल्य आहे आणि ६५ ते ७५ वयोगटाला निम्म्या भाड्याची सवलत आहे. ज्येष्ठांनी ओळखपत्र मूळ स्वरूपात जवळ ठेवावे. सुट्टे पैसेही ठेवावेत. वाहकाच्या यंत्रावर मोबाइलने पैसे देण्याची सोय अनेक ठिकाणी आली आहे, पण ज्या गावात मोबाइललाच रेंज नाही तिथे ती असून नसल्यासारखी असते.

चौकशी खिडकीवर नेमके काय विचारावे

इंटरनेटवर सापडणारी ग्रामीण फेऱ्यांची वेळापत्रके बहुधा जुनी असतात. शाळेला सुट्टी लागली की फेऱ्या कमी होतात, दिवाळीत आणि यात्रांच्या काळात गाड्या दुसरीकडे वळवल्या जातात, पावसाने रस्ता खचला की अलीकडच्याच गावावरून गाडी परत फिरते. म्हणून जुन्नर स्थानकात पोहोचल्यावर पहिले काम वाहतूक नियंत्रकाला गाठण्याचे. ‘घाटघरला गाडी आहे का?’ हा प्रश्न अपुरा आहे, कारण त्याचे उत्तर ‘आहे’ एवढेच मिळते. सकाळची पहिली गाडी इथून किती वाजता सुटते, ती घाटघरपर्यंत जाते की अलीकडे थांबते, तिथून शेवटची परतीची गाडी कधी, उद्या त्यापैकी कोणती फेरी रद्द आहे का, आणि मुक्कामाची गाडी कोणत्या गावाला जाते, हे पाच प्रश्न वेगवेगळे विचारावेत.

यातला शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे. संध्याकाळी तालुक्याहून निघालेली शेवटची गाडी टोकाच्या गावी रात्रभर थांबते, चालक आणि वाहक तिथेच झोपतात आणि पहाटे तीच गाडी गावकऱ्यांना घेऊन परत निघते. मुक्कामी गाडी असलेले गाव हे भटक्याच्या दृष्टीने भाग्याचे, कारण रात्री पोहोचण्याची आणि पहाटे निघण्याची अशा दोन्ही सोयी तिथे एकाच गाडीने होतात. स्थानकावरच्या नियंत्रकाकडून मिळालेली वेळ गाडीतल्या वाहकाकडून पुन्हा एकदा पडताळून घ्यावी. रोज त्याच रस्त्याने जाणाऱ्या वाहकाला कागदावर नसलेल्या पुष्कळ गोष्टी ठाऊक असतात. कोणत्या वाडीपाशी उतरले तर दोन किलोमीटर चाल वाचेल, हे तोच सांगू शकतो.

नावांच्या बाबतीत सावध राहावे. घाटघर नावाचे दुसरे गाव अकोले तालुक्यात, भंडारदरा आणि रतनगडाच्या बाजूला आहे. जलविद्युत प्रकल्पामुळे तेच अधिक प्रसिद्ध आहे आणि मोबाइलवर शोधले की पुष्कळदा तेच आधी पुढे येते. फोनवरून चौकशी करताना ‘जुन्नरचे घाटघर, नाणेघाटाजवळचे’ असे स्पष्ट सांगावे. गाडीच्या पाटीवर ‘नाणेघाट’ लिहिलेले असेल अशी अपेक्षाही ठेवू नये. पाटीवर गावाचे नाव असते, आणि ते शेजारच्या एखाद्या गावाचेही असू शकते. पाटी न वाचता फलाटावर विचारणे केव्हाही श्रेयस्कर.

मुख्य वाट: घाटघरहून नाणेघाट उतरून वैशाखरे

जुन्नरहून निघालेली गाडी आपटाळे ओलांडून चावंडच्या पायथ्याजवळून पश्चिमेकडे जाते. वाटेत पूर नावाचे गाव लागते. कुकडी नदीचा उगम इथला मानला जातो आणि नदीकाठी कुकडेश्वराचे शिल्पांनी भरलेले जुने शिवमंदिर आहे. आधीच्या गाडीने येऊन पुढच्या गाडीने घाटघर गाठण्याइतका वेळ हाताशी असेल तर हे मंदिर चुकवू नये. पण त्यासाठी घाटघरची एकुलती एक गाडी सोडून देण्याचा मोह टाळावा.

घाटघरला उतरल्यावर नाणेघाटाचा माथा तासा-सव्वा तासाच्या चालीवर आहे. हा टप्पा सपाट आणि उघडा आहे. डाव्या हाताला जीवधन किल्ल्याचा कडा आणि त्याला बिलगून उभा असलेला वानरलिंगी सुळका दिसत राहतो. पावसाळा संपता संपता या पठारावर सोनकीची पिवळी फुले पसरतात आणि सकाळी नऊच्या आत धुके असते. या दोन्हींसाठी सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबरचा पूर्वार्ध हा काळ निवडावा.

माथ्यावर खिंडीच्या तोंडाशी एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत असत असे सांगतात. खिंडीतून थोडे खाली उतरले की कातळात खोदलेली प्रशस्त चौकोनी लेणी लागते, आणि इथे घाईने पुढे जाऊ नये. सातवाहनांच्या काळात कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांतून येणारा माल याच घाटाने वर चढून जुन्नरमार्गे प्रतिष्ठान म्हणजे पैठणला जात असे. लेणीच्या डाव्या आणि उजव्या भिंतींवर राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील आणि प्राकृत भाषेतील लेख कोरलेला आहे. त्यात अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची आणि त्यांत दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे, कार्षापण नावाची नाणी यांची मोजदाद आहे; भारतातील अंकलेखनाच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत या लेखातील आकड्यांची गणना होते. मागच्या भिंतीवर सातवाहन घराण्यातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आज त्यांची जेमतेम पावले उरली आहेत, पण वर कोरलेल्या नावांमुळे कोण कुठे उभे होते ते कळते: सिमुक, नागनिका आणि सातकर्णी, पुढे राजकुमार. अक्षरे पाहायची असतील तर बॅटरी भिंतीवर समोरून न रोखता भिंतीला लागून तिरपी धरावी. कोरलेल्या रेषेत सावली पडते आणि एरवी नुसता खडबडीत वाटणारा दगड ओळीओळीने उलगडू लागतो. खडूने किंवा पाण्याने अक्षरे ठळक करण्याचा उद्योग मात्र कोणीही करू नये. दोन हजार वर्षे टिकलेले त्याने झिजते.

लेणीपासून खाली उतरायला निघण्याची वेळ दुपारी दोनच्या पुढे जाऊ देऊ नये. सुरुवातीचा भाग नाळेतून, म्हणजे कड्यांमधल्या अरुंद, उभ्या घळीतून उतरतो. जुनी फरसबंदी इथे अजून पायाखाली येते आणि वाटेच्या कडेला खोदीव पाण्याची टाकी लागतात. दगड शतकानुशतकांच्या ये-जा करण्याने गुळगुळीत झाले आहेत, त्यामुळे कोरड्या दिवसातही टाच आधी टेकवून चालू नये. पूर्ण पाऊल सपाट ठेवावे. पावसाळ्यात या दगडांवर शेवाळे चढते आणि तळ झिजलेले बूट घालून आलेला माणूस इथे हमखास घसरून पडतो.

नाळ संपली की जंगल सुरू होते आणि वाट सौम्य होते. चुकण्याची जागा मात्र हीच. गुरांच्या आणि लाकूडफाट्याच्या वाटा मुख्य वाटेला जागोजागी फुटतात. दगडांवर बाणांच्या खुणा केलेल्या आहेत, पण पावसाने पुसट झालेल्या खुणांवर विसंबू नये. नानाचा अंगठा पाठीशी ठेवून उतारानेच जात राहावे, ओढा ओलांडताना समोरच्या काठावर वाट पुन्हा दिसेपर्यंत पुढे जाऊ नये. रस्त्यावरच्या ट्रकांचे आवाज ऐकू येऊ लागले की महामार्ग जवळ आला असे समजावे. लेणीपासून महामार्गापर्यंत रमतगमत अडीच तास पुरतात. लहान मुले किंवा प्रथमच येणारे असतील तर साडेतीन तास हाताशी ठेवावेत.

खाली उतरल्यावर वाट संपते त्याच बाजूच्या कडेला थांबावे की रस्ता ओलांडून पलीकडे, हे गाडीच्या दिशेवरून ठरवावे. डोंगर पाठीशी असता कल्याण डाव्या हाताला आणि माळशेज उजव्या हाताला येतो. पुण्याकडच्यांनी माळशेज चढून जाणारी गाडी धरावी आणि ओतूर, आळेफाटा किंवा नारायणगावला उतरून पुढे जावे. जलद गाडी फाट्यावर थांबेलच असे नाही, त्यामुळे शक्य तर वैशाखरे गावाच्या थांब्यापर्यंत चालत जावे. वळणावर किंवा उतारावर उभे राहून हात दाखवण्यात अर्थ नसतो, चालकाला तिथे गाडी थांबवता येत नाही. अंधार पडला असेल तर बॅटरी गाडीच्या काचेवर न रोखता स्वतःच्या हातावर किंवा अंगावर धरावी.

ज्यांना चढायचेच आहे त्यांनी हीच वाट उलट दिशेनेही करावी. कल्याणहून पहिल्या गाडीने निघून आठच्या सुमारास पायथ्याशी पोहोचले तर जमेची एक बाजू अशी की घाट पश्चिमेकडे तोंड करून असल्याने सकाळचा चढ कड्याच्या सावलीत होतो. पण मग घाटघरला जाऊन गाडी शोधण्याच्या भानगडीत न पडता, वर तास-दोन तास घालवून पुन्हा वैशाखऱ्यालाच उतरावे. दोन्ही बाजू पाहण्याचा आनंद त्यात नाही, परंतु एका दिवसात घरी परतण्याची खात्री आहे.

जीवधन आणि चावंड

घाटघरला मुक्काम केला तर जीवधन दुसऱ्या दिवशी सकाळी करता येतो. गावाकडून जुन्नर दरवाजाची वाट आणि नाणेघाटाच्या पठाराकडून कल्याण दरवाजाची वाट, अशा दोन वाटा आहेत. दोन्हींवर कातळातल्या, तुटलेल्या पायऱ्यांचे टप्पे आहेत. मदतीला लोखंडी आधार बसवलेले असले तरी ज्यांना उंचीची भीती वाटते त्यांनी सोबतीला अनुभवी माणूस असल्याखेरीज जाऊ नये आणि भर पावसात तर कोणीच जाऊ नये. वर धान्यकोठार आहे. त्याच्या आत अंधार असतो, वटवाघळे असतात आणि दगडी चौकटीवरचे कोरीवकाम पाहण्यासारखे आहे. निजामशाहीच्या अखेरीस ज्या लहानग्या मुर्तझाला शहाजीराजांनी गादीवर बसवले, तो याच किल्ल्यावर कैदेत होता.

चावंड त्या मानाने सोपा आणि एसटीला अधिक अनुकूल आहे, कारण त्याचा पायथा जुन्नरपासून कमी अंतरावर, घाटघरच्याच रस्त्यावर आहे आणि तिथून जाणाऱ्या गाड्या घाटघरपेक्षा अधिक असतात. चावंडवाडीला उतरून तासाभरात वर पोहोचता येते. पायऱ्यांचा एक टप्पा इंग्रजी अंमलात सुरुंगाने उडवलेला असल्याने तिथे कठड्याला धरून, एकामागून एक असे जावे. माथ्यावर सात टाक्यांचा समूह आहे, तो सप्तमातृकांच्या नावाने ओळखला जातो. सर्वांत उंच जागी चामुंडा देवीचे मंदिर आहे. शिवाजी महाराजांनी या गडाचे नाव प्रसन्नगड ठेवले होते. राजपुत्रांना कोंडून ठेवण्याची परंपरा इथेही आहे: अहमदनगरच्या गादीचा वारस बहादूर याला बालपणी याच गडावर ठेवले होते. पहिल्यांदाच एसटीने येणाऱ्याने नाणेघाटाआधी चावंड करावा, असे माझे मत आहे. दुपारपर्यंत खाली येता येते आणि गाडी चुकली तरी आपटाळ्यापर्यंत चालत किंवा एखाद्या जीपने जाता येते.

ज्यांच्याकडे अर्धाच दिवस आहे

जुन्नर स्थानकापासून शिवनेरी तीन-चार किलोमीटरवर आहे. बहुतेक लोक पायऱ्यांच्या वाटेने सात दरवाजे ओलांडून शिवाई देवी, गंगा-जमुना टाकी, जन्मस्थान आणि कडेलोट असे पाहून दोन-तीन तासांत उतरतात. १९ फेब्रुवारीच्या आसपास गर्दीमुळे रस्ते बंद असतात, तेव्हा शांतपणे पाहायचे असेल तर तो आठवडा टाळावा. शिवनेरीवरच्या साखळीच्या वाटेविषयी पुष्कळ लिहिले जाते. ती एकट्याने करू नये. लेण्याद्रीला जुन्नरहून रिक्षा सहज मिळते. तिथली लेणी बौद्ध आहेत आणि त्यांतल्या एकात गिरिजात्मजाचे मंदिर आहे. पायऱ्यांवर माकडे पिशव्या हिसकावतात, खाण्याचे पदार्थ हातात धरू नयेत. चतुर्थीला इथे जाण्याचे कारण भक्ती हेच असावे; लेणी पाहण्याचा तो दिवस नव्हे.

पुढची पायरी: पाचनईहून हरिश्चंद्रगड, शेवट खुबी फाट्यावर

तोच नियम मोठ्या ट्रेकलाही लागू पडतो. हरिश्चंद्रगडाला अकोले तालुक्यातील पाचनईकडून सर्वांत सोपी वाट आहे, पण पाचनईला राजूरहून मोजक्याच गाड्या येतात. दुसऱ्या बाजूला खिरेश्वरची तोलार खिंडीतली वाट लांब आणि दमवणारी आहे, मात्र ती संपते ते गाव कल्याण–अहिल्यानगर महामार्गावरील खुबी फाट्यापासून धरणाच्या भिंतीवरून तास-सव्वा तासाच्या अंतरावर आहे. म्हणून पाचनईहून चढावे, हरिश्चंद्रेश्वराचे मंदिर, केदारेश्वराची गुहा आणि कोकणकडा पाहावा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर निघून तोलार खिंडीने खिरेश्वरला उतरावे. खिंडीच्या वरच्या कातळटप्प्यावर कठडे आहेत. पावसात तिथे उतरणे चढण्यापेक्षा कठीण जाते. हा सर्व परिसर कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्यामुळे वनविभागाच्या नाक्यावर प्रवेशशुल्क भरावे आणि प्लास्टिक परत आणावे. खिरेश्वरचे नागेश्वर मंदिर वाटेतच आहे, गाडीला वेळ असेल तर अर्धा तास तिथे घालवावा.

पाणी, ऋतू आणि धोके

माणशी तीन लिटर पाणी घेऊनच गाव सोडावे. किल्ल्यांवरची टाकी फेब्रुवारीनंतर आटतात किंवा त्यांचे पाणी पिण्याजोगे राहत नाही. मार्च ते मे या काळात घाटघरच्या पठारावर दुपारी सावली शोधूनही सापडत नाही. या दिवसांत फक्त पहाटेची चाल करावी.

पावसाळ्यातील आकर्षण नाकारता येत नाही. नाणेघाटात वाऱ्याच्या जोरामुळे कड्यावरून पडणारे पाणी उलटे वर फेकले जाते आणि ते पाहायला शनिवार-रविवारी प्रचंड गर्दी होते. परंतु जुलै-ऑगस्टमध्ये जिल्हा प्रशासन धबधबे व कडे यांच्या परिसरात मनाई आदेश काढते, माळशेज घाटात दरडी कोसळून वाहतूक थांबते, आणि मग खाली महामार्गावर गाड्या मिळतील हा आपला सारा हिशेबच कोलमडतो. त्या महिन्यांत जायचे असेल तर आठवड्याच्या मधला दिवस धरावा, निघण्यापूर्वी माळशेज चालू आहे का ते विचारावे, आणि कड्याच्या टोकाशी वारा मागून येत असेल तर दहा फूट अंतर राखावे.

आग्या मोहोळे शिवनेरी, लेण्याद्री आणि चावंड अशा कातळकड्यांवर असतात. त्यांच्याखाली धूर करू नये, उग्र अत्तर लावून जाऊ नये, मोठ्याने ओरडू नये. जुन्नर परिसरातील उसाच्या पट्ट्यात बिबट्यांचा वावर मोठा आहे, म्हणूनच माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे. पहाटेची गाडी धरायला अंधारात चालत निघायचे असेल तर एकट्याने निघू नये, बोलत आणि बॅटरी लावून जावे, आणि शेतातल्या आडवाटेने न जाता डांबरी रस्ता धरावा. कोकणाच्या उतारावर फुरसे आणि घोणस असतात. दगडाखाली हात घालू नये. दंश झालाच तर पट्टी आवळत बसण्यापेक्षा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून जवळच्या सरकारी रुग्णालयाकडे निघावे.

गावात राहताना

घाटघर परिसरात घरगुती जेवण आणि राहण्याची सोय होते, पण ती आधी फोन करून सांगितली तरच. रात्री आठला अचानक जाऊन चार माणसांच्या भाकरी मागणे योग्य नव्हे. जेवणाचे पैसे आधी ठरवावेत आणि ठरल्याप्रमाणे द्यावेत. या पट्ट्यात प्रामुख्याने महादेव कोळी समाजाची वस्ती आहे आणि बाळहिरडा हा त्यांच्या उत्पन्नाचा मोठा भाग आहे. उन्हाळ्यात अंगणात, कातळावर, कधी रस्त्याच्या कडेला हिरड्याची लहान हिरवी फळे वाळत घातलेली दिसतात. पुढे ती काळी पडून आखडतात. नजरचुकीने त्यावरून चालत जाणे म्हणजे कोणाच्या तरी दिवसभराच्या वेचणीवर पाय देणे होय. जुन्नर किंवा ओतूरला परतल्यावर मासवडी मिळाली तर खावी, तिच्यासाठी मात्र गाडी सोडू नये.

गाडी चुकलीच तर

शेवटची फेरी निघून गेल्यावर पहिल्या अर्ध्या तासात निर्णय घ्यावा. घाटघरला असाल तर रात्री चालत निघू नये. मुक्कामी गाडीची चौकशी करून पहाटेपर्यंत तिथेच राहावे. चावंड किंवा पूरच्या बाजूला असाल तर जुन्नरकडे परतणारी दुधाची गाडी, पिकअप किंवा जीप शोधावी, आणि बसण्यापूर्वी पैसे विचारून घ्यावेत. वैशाखऱ्याला असाल तर रात्री नऊपर्यंत कल्याणच्या बाजूला थांबावे, त्यानंतर पुढे कुठेही जाण्याचा हट्ट न धरता मुरबाडपर्यंत मिळेल त्या वाहनाने जावे. तिथे निवासाची सोय होते आणि सकाळी कल्याणच्या गाड्या लवकर सुरू होतात. रेंज मिळाली की घरी एक संदेश पाठवावा. त्यात ‘उशीर होईल’ एवढेच न लिहिता आपण कोणत्या गावात आहोत, कोणासोबत आहोत आणि उद्या कोणत्या गाडीने निघणार आहोत हे तिन्ही लिहावे.